‘ऑल मेल’ चिलापी बीज: चिठ्ठीवरचे ९९ टक्के आणि पिशवीतले नर

पुणे जिल्ह्यात शेततळं किंवा बायोफ्लॉकची (थोड्या पाण्यात दाटीने मासे वाढवायची) टाकी असणाऱ्याच्या गळ्यात सध्या सगळ्यात सहज मारली जाणारी वस्तू म्हणजे ‘ऑल मेल गिफ्ट तिलापिया’ अशी चिठ्ठी चिकटवलेली ऑक्सिजनची पिशवी. भिगवण-इंदापूरकडे ज्याला चिलापी म्हणतात तोच हा मासा, फक्त सुधारित वाणाचा आणि विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे ९९ टक्के नर. हे परीक्षण एखाद्या दुकानाचं नाही, या मालाचं आहे. निकाल आधीच सांगून टाकतो: नीट तयार केलेलं बीज पैसे वसूल करून देतं. पण ते ९९ टक्के नेमके कसे आले हे जो विक्रेता सांगू शकत नाही, त्याची पिशवी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

पहिला घोळ ‘गिफ्ट’ या नावापासूनच सुरू होतो. गिफ्ट हा नाईल तिलापियाचा निवड पद्धतीने वाढवलेला वाण. १९८८ पासून फिलिपाइन्समध्ये आफ्रिकेतले चार जंगली आणि आशियातले चार पाळीव कळप एकत्र करून, सगळ्यात वेगाने वाढणारे मासे पिढ्यान्‌पिढ्या निवडत तो घडवला गेला. ही निवड वाढीची होती, लिंगाची नव्हे. गिफ्टच्या जोडीला स्वतःच्या मर्जीने अंडी घालू दिली तर पिल्लं साधारण अर्धी नर, अर्धी मादी निघतात. म्हणजे चिठ्ठीवर दोन वेगळे दावे असतात, आणि पहिला खरा असला म्हणून दुसरा खरा ठरत नाही.

सगळे नरच का हवेत? एक तर नर मादीपेक्षा बराच वेगाने वाढतो. दुसरं कारण जास्त महाग पडतं. चिलापीची मादी दोन-तीन महिन्यांत, ३०-४० ग्रॅमची असतानाच वयात येऊ शकते. अंडी तोंडात धरून उबवते, तेवढे दिवस जवळजवळ काही खात नाही, आणि महिना-दीड महिन्याने पुन्हा तयार होते. २० बाय २० मीटरच्या शेततळ्यात चौरस मीटरला ३ या हिशेबाने १,२०० पिल्लं सोडली, असं धरू. ९९ टक्के नर असतील तर माद्या १२. ९७ टक्के असतील तर ३६. एका मादीने एका खेपेला २०० पिल्लं काढली तरी ३६ माद्यांची ७,२०० पिल्लं होतात, आणि ही फक्त पहिली खेप. तुम्ही टाकलेलं खाद्य खाणारी तोंडं सहापटीहून जास्त. त्यातली बरीच मोठ्या माशांच्या पोटात जातात हे खरं, पण उरलेली काढणीच्या वेळी बोटाएवढी निघतात आणि गणेश पेठेच्या मासळी बाजारात त्यांच्याकडे कुणी बघतही नाही. प्लास्टिकचं अस्तर असलेल्या तळ्यात खड्डा करता येत नाही म्हणून चिलापी वीत नाही, असं एक समाधान सांगितलं जातं. ते खोटं आहे. नर अस्तरावरच जागा अडवतो आणि काम भागवतो.

आता माल कसा बनतो ते पाहू. नाईल तिलापियाची गुणसूत्रं ४४. मादी एक्सएक्स, नर एक्सवाय, इथपर्यंत माणसासारखंच. पण त्याचे एक्स आणि वाय सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे ओळखता येत नाहीत, आणि वायचा हुकूमही माणसातल्याइतका कडक नसतो. बऱ्याच कळपांत नर ठरवणारं जनुक २३व्या जोडगटावर (एका गुणसूत्रावर एकत्र बसलेल्या जनुकांच्या गटावर) आहे. त्याला एएमएच-वाय म्हणतात. नर होण्यासाठी ते आवश्यक असल्याचं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. काही कळपांत मात्र लिंगाची खूण पहिल्या जोडगटावर सापडते. पिल्लाची जननग्रंथी सुरुवातीला दोन्हीकडे झुकू शकते. तिथे अरोमाटेज नावाचं एन्झाइम जोरात चाललं, तर नर-हार्मोनचं इस्ट्रोजेन होतं आणि अंडाशय तयार होतं. ते दबलं, तर वृषण. वायवरचं जनुक हेच एन्झाइम दाबण्याच्या बाजूने काम करतं. बाहेरून हार्मोन किंवा उष्णता दिली तरी पारडं त्याच बाजूला झुकतं. मात्र हे सगळं पिल्लाच्या पहिल्या महिन्यातच. त्यानंतर चिलापीचं लिंग बदलत नाही. अ‍ॅक्वेरियममधला क्लाउनफिश मोठेपणी नराचा मादी होतो, म्हणून चिलापीही ‘पुढे जाऊन बदलली असेल’ असं म्हणणाऱ्या विक्रेत्याला नम्रपणे नमस्कार करावा.

बाजारातला बहुतेक माल हार्मोनवाला असतो. १७-अल्फा-मिथाइलटेस्टोस्टेरॉन, किलोभर खाद्यात ६० मिलिग्रॅम, २१ ते २८ दिवस. चांगल्या हॅचरीत हे असं चालतं: लिटरमागे ६ ग्रॅम हार्मोन विरघळवलेलं अल्कोहोलचं मूळ द्रावण ठेवतात. त्यातलं १० मिलिलिटर, म्हणजे बरोबर ६० मिलिग्रॅम, आणखी अल्कोहोलमध्ये पातळ करून किलोभर बारीक भुकटीत सारखं मुरवतात, सावलीत वाळवतात आणि थंड, अंधाऱ्या जागी ठेवतात. पिल्लं ९ ते ११ मिलिमीटरची, नुकतीच पोहायला लागलेली घेतात. दिवसातून निदान चार वेळा खायला घालतात. सुरुवातीला वजनाच्या २० टक्के किंवा थोडं जास्त, मग १०-१२ टक्क्यांपर्यंत उतरवत. हे सगळं जमलं तर ९७ ते १०० टक्के नर मिळतात.

बिघडतं कुठे, तर बहुतेकदा वयात. तळ्यातून जाळ्याने गोळा केलेल्या पिल्लांत आठवड्याची आणि तीन आठवड्यांची पिल्लं एकत्र येतात. १४ मिलिमीटरच्या वर गेलेल्या पिल्लाचा निर्णय बराचसा झालेला असतो, त्याला कितीही हार्मोन चारा. म्हणून शिस्तीच्या हॅचरीत पिल्लं आधी ३.२ मिलिमीटरच्या जाळीतून सोडतात. जी अडकतात ती बाद. त्याहून बरं म्हणजे मादीच्या तोंडातून अंडीच काढून बरणीत उबवणं, म्हणजे सगळी एका वयाची. खरेदी करताना पहिला प्रश्न हाच विचारा: पिल्लं तळ्यातून उचलली की अंडी उबवली? उत्तर ‘तळ्यातून’ असेल, तर दुसरा प्रश्न जाळीच्या मापाचा.

पुढची चूक पाण्याची. हिरव्यागार पाण्यातल्या हाप्यात, म्हणजे तळ्यात टांगलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात, पिल्लं शेवाळ-किडे खाऊन पोट भरतात आणि हार्मोनचं खाद्य कमी खातात. खाद्य कमी पडलं तर दांडगी पिल्लं खातात आणि किरकोळ उपाशी राहतात. त्या किरकोळातूनच पुढे माद्या निघतात. उन्हात वाळवलेल्या खाद्यातलं हार्मोन प्रकाशाने निकामी होतं. आणि ‘खात्रीसाठी थोडं जास्तच टाकलं’ हे सगळ्यात फसवं: डोस फार चढला तर नरांचं प्रमाण उलट घसरू शकतं, कारण जास्तीच्या हार्मोनचं त्याच अरोमाटेजच्या हातून इस्ट्रोजेनसारखं काहीतरी होऊन बसतं.

हा प्रकार घरच्या घरी करण्याच्या फंदात पडू नका. भुकटी श्वासातून आणि कातडीतून शरीरात जाते, घरात गरोदर बाई असेल तर विषयच नको, आणि अल्कोहोलच्या वाफा असतात त्या वेगळ्याच. खाणाऱ्याच्या बाजूचा हिशेब मात्र घाबरवणारा नाही. पिल्लू महिन्याभरात ०.३ ग्रॅम हार्मोनचं खाद्य खातं असं धरलं, तर त्याच्या पोटात एकूण १८ मायक्रोग्रॅम हार्मोन जातं. ते बंद झाल्यावर शरीरातून लवकर निघून जातं, आणि मासा ताटात येतो तो त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी. खरा प्रश्न हॅचरीच्या सांडपाण्याचा आणि तिथे हात घालणाऱ्या माणसाचा आहे.

या मालात एक सापळा असा आहे की ज्यांनी विकत घेतला तेही तो ओळखत नाहीत. ‘एकदाच ऑल मेल आणायचे, उजनीच्या माद्या टाकायच्या, पुढचं बीज आपलंच’ असा बेत बरेच जण करतात. हार्मोनवाल्या १,००० नरांपैकी साधारण ५०० एक्सवाय आणि ५०० एक्सएक्स असतात. दुसरे ५०० दिसायला नर, वागायला नर, त्यांचं वीर्यही चालतं, पण देण्यासाठी त्यांच्याकडे वाय नाही. त्यांची एक्सएक्स मादीशी जोडी लागली की सगळी पिल्लं मादी. एक्सवाय नराची निम्मी मादी. एकत्र हिशेब मांडला तर पुढच्या पिढीत ७५ टक्के माद्या. ‘ऑल मेल’ आणून तीन-चतुर्थांश माद्यांचं तळं उभं करण्याचा याहून सोपा मार्ग नाही. हार्मोनवालं बीज फक्त वाढवून विकायला घ्यावं. जनक म्हणून ठेवू नये. हे चिठ्ठीवर छापलेलं असायला हवं. छापलेलं नसतं.

दुसरा माल ‘वायवाय’ बापाचा. इथे विक्रीच्या पिल्लाला हार्मोन शिवतही नाही. हॅचरीत एक्सवाय पिल्लांना इस्ट्रोजेन देऊन मादी बनवतात, तिची साध्या एक्सवाय नराशी जोडी लावतात. निघणाऱ्या चार पिल्लांमागे एक एक्सएक्स, दोन एक्सवाय, एक वायवाय. यातला वायवाय कोणता हे बघून कळत नाही. एकेका नराला वेगळ्या साध्या मादीकडे सोडायचं, त्याची पिल्लं वाढवायची आणि मोजायची. ज्याची सगळी पिल्लं नर निघाली तो वायवाय. ब्रिटनमध्ये स्वॉन्झीच्या विद्यापीठात १९९०च्या दशकात हे तंत्र व्यवहारात उतरलं. कागदावर १०० टक्के, प्रत्यक्षात सरासरी साधारण ९५. वायचा हुकूम कडक नाही असं वर म्हटलं ते इथे नडतं: इतर गुणसूत्रांवरची जनुकं आणि सुरुवातीच्या दिवसांतलं तापमान मधे हात घालतात आणि एखादं एक्सवाय पिल्लू मादी होतं. तेव्हा कुणी वायवाय बीज म्हणून ‘शंभर टक्के, लेखी’ द्यायला तयार असेल, तर त्याला आपण काय विकतोय तेच माहीत नाही. प्रामाणिक विक्रेता ९५ म्हणेल, आणि कुठल्या पिढीची चाचणी झाली याची वही दाखवेल. हार्मोन नको असणाऱ्यांनी हाच माल शोधावा, चार-पाच टक्के माद्या वेचण्याची तयारी ठेवून.

संकराचं बीज पुण्यात मागू नये असं आमचं मत. नाईल तिलापियाची मादी एक्सएक्स, आणि निळ्या तिलापियात गणितच उलटं: मादी झेडडब्ल्यू, नर झेडझेड. नाईलची मादी आणि निळ्याचा नर घेतला की पिल्लं जवळजवळ सगळी नर. १९६० मध्ये हिकलिंग यांनी मलाक्कात मोझांबिक तिलापियाची मादी आणि हॉर्नोरम या तिलापियाच्याच दुसऱ्या जातीचा नर यांच्यापासून सगळे नर मिळवल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हापासून ही युक्ती माहीत आहे. अट एकच, दोन्ही जाती शुद्ध हव्यात. मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ सालीच आला, नाईल नंतर आला, आणि दोघं एकमेकांत सहज मिसळतात. जनकांत थोडी भेसळ झाली की प्रमाण गडगडतं, आणि तोंडी शब्दापलीकडे शुद्धतेचा पुरावा कुणी देत नाही.

‘गरम पाण्यात वाढवलेले नर’ असाही दावा ऐकू येतो. त्यात तथ्य आहे, पण थोडं. अंडं फळल्यापासून दहाव्या दिवसाच्या सुमारास ३६ अंशांचं पाणी दहा दिवस किंवा जास्त दिलं, तर काही घराण्यांतली एक्सएक्स पिल्लं नर होतात. काही घराण्यांवर ढिम्म परिणाम होत नाही. मरही वाढते. पुण्याच्या एप्रिलमध्ये शेडनेटखालची टाकी तापली म्हणून तुमची दोन इंची पिल्लं नर होणार नाहीत. त्यांची वेळ निघून गेली.

डीएनए तपासणी ही सेवा स्वतंत्रपणे तपासून पाहण्यासारखी आहे, कारण ती विकताना अर्धीच गोष्ट सांगतात. परातून किंवा खवल्यातून डीएनए काढून पीसीआरने वायची खूण शोधतात. हॅचरीवाल्याला ही सोन्यासारखी: वायवाय नर ओळखायला लागणारे महिने वाचतात. वाढवून विकणाऱ्याला ती बहुतेक निरुपयोगी, किंबहुना दिशाभूल करणारी. हार्मोनवाला एक्सएक्स नर प्रयोगशाळेच्या कागदावर ‘मादी’ येतो. चाचणी चुकलेली नसते, तिला विचारलेला प्रश्न चुकलेला असतो. शिवाय २३व्या जोडगटावरची खूण पाहणारी चाचणी पहिल्या जोडगटावर लिंग असलेल्या कळपाला लागू पडत नाही. आपल्या जनकांवर आधी पडताळून घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत.

शेतकऱ्याने करायची तपासणी वेगळी आणि स्वस्त आहे. मासा २०-३० ग्रॅमचा झाला की उलटा धरायचा. गुदद्वाराच्या मागे छोटा उंचवटा दिसतो. त्यावर मिथिलीन ब्लूचा थेंब कापसाने पुसायचा. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात बाटली मिळते. नराच्या उंचवट्यावर टोकाला एकच छिद्र. मादीत टोकाच्या छिद्राशिवाय मध्ये आडवी चीर, आणि रंग त्या चिरेत बसून निळी रेघ उमटते. हात ओला ठेवा, बोटांची पकड डोक्यामागे, आणि अंगठा पाठीच्या काट्यांवर जाऊ देऊ नका. सवय नसताना चुका होतात, १५ ग्रॅमच्या खाली तर हमखास.

पिल्लं लहान असतानाच खात्री हवी असेल तर नमुना मारावा लागतो. पाच सेंटीमीटरचं पिल्लू पोटाकडून उघडून आतडी बाजूला केली की वाताशयाच्या दोन्ही बाजूंना, पाठीच्या भिंतीला चिकटलेले केसासारखे दोन धागे दिसतात. त्यातला एक चिमट्याने अलगद उचलून काचपट्टीवर ठेवायचा. वर अ‍ॅसिटोकार्माइनचे एक-दोन थेंब: ४५ टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडच्या १०० मिलिलिटरमध्ये अर्धा ग्रॅम कार्माइन दोन-चार मिनिटं उकळून, गार करून गाळलेलं. झाकणकाच ठेवून अंगठ्याने दाबायची आणि ४० ते १०० पट मोठं करून पाहायचं. अंडाशयात गोल गोल पेशी दिसतात, प्रत्येकीच्या मध्ये फिकट चकती, साबुदाण्याच्या खिचडीसारखं. वृषण बारीक दाणेदार, एकसारखं लाल. कधी दाणेदार भागात मधेच दोन-चार गोल पेशी सापडतात. हा अर्धवट बदललेला मासा. असे बरेच दिसले तर हार्मोन उशिरा सुरू झालं, लवकर थांबलं किंवा कमी पडलं असं समजा. कुठल्याही प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत हे एका दुपारचं काम आहे.

किती मासे पाहायचे, इथे बहुतेक जण फसतात. विक्रेता ५० मासे उलटे करून दाखवतो, एकही मादी नाही, गिऱ्हाईक खूश. मालात ३ टक्के माद्या असल्या तरी ५० माशांत एकही न सापडण्याची शक्यता २२ टक्के असते. १०० पाहून एकही मादी नसेल, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की माद्या ३ टक्क्यांहून कमी आहेत. ‘९९ टक्के नर’ हे सिद्ध करायला ३०० मासे लागतात, आणि त्यात मादी शून्य. तेही पिशवीत वरवर तरंगणारे नव्हे, ढवळून जाळीने काढलेले.

पिशवीबद्दल थोडक्यात. एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, पिल्लं आदल्या दिवशी उपाशी ठेवलेली. पोचल्यावर बंद पिशवी १५-२० मिनिटं टाकीत तरंगू द्या. एकदा उघडली की मात्र रेंगाळू नका, कारण कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू (पीएच) चढतो आणि प्रवासात साठलेला अमोनिया विषारी होतो. पिल्लांत मापाचा फार फरक दिसला तर तो दोषच धरा, कारण वय मिसळल्याची ती पहिली खूण. तिलापियाच्या शेतीला मत्स्यविभागाची परवानगी लागते. बीज मान्यताप्राप्त हॅचरीचंच हवं, आणि तिलापियात रोग पसरवणाऱ्या ‘तिलापिया लेक’ विषाणूची तपासणी झाल्याचा कागदही मागावा.

गुण द्यायचेच तर: उबवलेल्या अंड्यांचं, जाळीतून गाळलेलं हार्मोनवालं बीज पाचपैकी ४. वही दाखवणाऱ्या हॅचरीचं वायवाय बीज साडेतीन. तळ्यातून गोळा केलेलं हार्मोनवालं दीड. संकर एक. ‘हाताने वेचलेले नर’ म्हणून येणाऱ्या मोठ्या पिल्लांना शून्य, कारण धरणातल्या चिलापीवर हीच चिठ्ठी लावायला काहीच लागत नाही.

मागणी फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये नोंदवावी. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत उघड्या तळ्याचं पाणी २० अंशांच्या खाली गेलं की चिलापी खाणं खूप कमी करते, आणि तेव्हा आणलेलं महागडं बीज नुसतं तग धरून बसतं. मार्चचं बीज मे महिन्यात वेचण्याजोगं होतं. तेव्हा एकदा जाळं ओढून सापडतील त्या माद्या बाहेर काढाव्यात. पाणी सोडण्याच्या तोंडाला बारीक जाळी हवीच, आणि वेचलेल्या माद्या ओढ्यात किंवा कालव्यात सोडायच्या नाहीत. ३० ग्रॅमची चिलापी तिखट-मीठ लावून रव्यात कडक तळली की काट्यासकट खाता येते.